आंदणाची हरणी आणि आबांचा हार

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गाजावाजा न करता काम कसं उरकायचं, हे आमच्या गावात कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडं यावं. आमच्या यांनी एकदा मोटारसायकल पुलावरून थेट ओढ्यात घातली. ती काढून, धुऊन, पुसून दारात लावली, तरी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, पत्ता लागला नाही. चुलत नणंदेचं लग्न मोडता मोडता मी जमवलं, शेजारच्या भिंतीला कळलं नाही. तर अशा या वनमालेनं एक दिवस ठरवलं, की बसलेली गाय उठवायची, अन् तीही गुपचूप. दुपारपर्यंत आमच्या अंगणात क्रेन होती, हलगी होती, डीजे होता, अख्खं गाव होतं, अन् सोसायटीचे नवे चेअरमन होते!

आता हे झालं कसं, ते ऐका.

आमची गाय हरणी. लाल कंधारी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी आंदण दिलेली. उमापूरहून मी नवरी म्हणून ज्या टेम्पोत बसून इकडं वडवणीच्या बाजूला आले, त्याच टेम्पोत मागं ही कालवड बांधलेली. अख्ख्या रस्त्यात आम्ही दोघी आळीपाळीनं रडलो. दारात उतरलो तर आत्याबाईंनी आधी हिच्या पायावर पाणी घातलं, मग माझ्या. तेव्हापासून घरातला मानाचा क्रम तोच राहिला.

पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. माझी संस्कृती जन्मली तेव्हा मी आजारी पडले, अंगावर दूध नव्हतं. हरणी तेव्हा नुकती व्यालेली. माझी लेक तिच्या दुधावर वाढली अन् आज बीडला कॉलेजात जाते. हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार?

आता हरणीचं दूध बंद होऊन जमाना झाला. दात झिजलेत, त्यामुळं कडबा कुट्टी करून द्यावा लागतो. गुडघे धरलेत. सकाळी उठताना ती कण्हते अन् तिच्याबरोबर मी पण. आमचे हे म्हणतात, "तुमी दोघी एकदमच उठता, कोण कण्हलं ते कळत न्हाई." यांचं नाव प्रविण. माणूस गरीब आहे, पण असलं काहीतरी बोलतो अन् मग दिवसभर जेवायला वेळेवर येत नाही.

तर आत्याबाई गेलत्या कड्याला, लेकीच्या गावाला. जाताना एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून मला बजावलं, "हरणीला जप. बाकी घराचं काय व्हायचं ते हुईल." त्या परत यायच्या आदल्या संध्याकाळी हरणी गोठ्यात बसली ती बसलीच. सकाळी उठेना. कुट्टीला तोंड लावेना, पेंडीकडं बघेना. हे शेपटीकडून, मी मानेकडून, असा आम्ही जोर लावला. हरणी जागची हलली नाही, यांची मात्र कंबर धरली.

जनावराच्या डॉक्टर तेजश्री मॅडमना फोन केला. बाई लई चांगली, स्कूटीवर लगेच आली. तपासलं, कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू सोडली, पायाला इंजेक्शन दिलं. मग हात धुता धुता म्हणाली, "काकू, माझ्याकडचं औषध मी दिलं. आता खरं औषध म्हणजे तिला उभं करणं. म्हातारं जनावर आहे. अशीच बसून राहिली तर स्वतःच्याच वजनानं पाय बधिर होतात, मग कुणाच्या हातात काही राहत नाही. आज ती पायावर आली पाहिजे."

मॅडम गेल्या अन् मी गोठ्यात जाऊन बसले. हरणी माझ्याकडं बघत होती. डोळे तसेच, टेम्पोतले.

हे म्हणाले, गल्लीतली माणसं बोलावू, दहा-बारा जण लागले की उचलून उभी करतील. मी म्हणलं, अजिबात नाही! कारण आमच्या गावाची एक रीत तुम्हाला माहीत नाही. कुणाची गाय बसली की लोक भेटायला येतात. येतात ते दोनच प्रश्न घेऊन. पहिला, "कवापासून बसलीय?" अन् दुसरा, "खड्डा कुठं घेणार?" अन् भेटून गेलेला हरेक माणूस फोन लावतो. त्यातला एक तरी कड्याला लागणार. आत्याबाईंना रक्तदाबाची गोळी चालू. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी ही बातमी ऐकली तर मला गाय अन् सासू दोन्ही उचलायला लागल्या असत्या. म्हणून मी ठरवलं, त्या दुपारच्या गाडीनं उतरायच्या आत हरणीला उभं करायचं अन् काही झालंच नाही असं तोंड करून चहा टाकायचा.

माझे चुलत दीर बजरंगभावजी, त्यांची क्रेन आहे. सीझनला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या उलटतात, त्या ते उभ्या करतात. मी विचार केला, भरलेली ट्रॉली उभी राहते तर आमची हरणी काय जड आहे का? फोन न करता तडक गेले. फोनवर बोललं की भावजी स्पीकर चालू ठेवतात अन् पानटपरीवर सगळ्यांना ऐकू जातं.

क्रेन वेशीत उभी होती. अन् तिच्या हुकाला हार लटकत होता. हार म्हणजे कसा? झेंडूचा, केशरी-पिवळा, दोन माणसांनी कवेत घेतला तरी मावायचा नाही असा जाड, अन् उंचीला पार वडाच्या फांदीपर्यंत. त्या दिवशी राधाकिशन आबांचा सत्कार होता. आबा बिचारे दर निवडणुकीला सोसायटीला उभे राहायचे अन् दरवेळी पडायचे. यंदा एकदाचे निवडून आले, चेअरमन झाले. आता आमच्याकडं निवडून आलेल्या माणसाला हातानं हार घालत नाहीत, क्रेननं घालतात. हातानं घातलेला हार म्हणजे माणूस हरल्यासारखाच दिसतो.

भावजींना मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. हरणीचा खरवस खाऊन तेही मोठे झालेले. म्हणाले, "वैनी, आबांच्या गाड्या अजून वडवणीतून निघायच्यात. तवर उचलू की. पण हार काढता यायचा न्हाई, परत चढवायला निम्मं गाव लागंल."

मी म्हणलं, राहू द्या हार. हाराला काय होतंय?

इथं माझी चूक झाली. हार घातलेली क्रेन गावातून चालली की काय होतं, हे मला कळायला पाहिजे होतं. आमच्या गावात सत्काराची पत्रिका कुणी वाचत नाही, वेळ कुणी विचारत नाही. क्रेन कुठंय ते बघतात. जिथं क्रेन तिथं सत्कार! अन् इथं तर आबांची क्रेन, हार हलवत, वेशीतून निघून आमच्या गल्लीला वळली, अन् मी पुढं पदर खोचून रस्ता दाखवतेय.

अंगणात क्रेन लावतोय तोवर मागून दोन बायका औक्षणाची ताटं घेऊन आल्या. "वनमाला, जागा बदलली म्हणं. आमी कुठं बसायचं?" मी काय सांगणार? बसा म्हणलं ओट्यावर. त्यांच्या मागं हलगीवाले आले. त्यांच्या मागं डीजेचा टेम्पो आला, तो तुळशीला टेकून उभा केला. मग मंडपातल्या खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्यावर माणसं येतातच! एक गृहस्थ तर मला विचारून गेले की जेवणाची पंगत घरात का बाहेर.

गोठ्यात गाय बसलीय, असं मी एकेकाला सांगत होते. पण हलगीपुढं माझं कोण ऐकतंय? लोक मान डोलवायचे अन् म्हणायचे, "हो का, बरं झालं."

तेवढ्यात यांचा फोन वाजला. पलीकडं तात्याबा, आबांच्या विरोधातल्या पॅनलचे पुढारी. अख्ख्या निवडणुकीत आमचे हे त्यांच्या जीपमध्ये माइक धरून बसलेले. तात्याबांनी थंड आवाजात विचारलं, "प्रविण, सत्कार तुज्या दारात कावून हाय बे?" यांनी सांगितलं, "तात्या, गाय बसलीय." पलीकडून फोन बंद. हे कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभे राहिले, ते मला तिथून दिसत होते, म्हणजे सगळ्यांनाच दिसत होते.

मी यांना गंजीमागून ओढून काढलं. म्हणलं, पक्ष नंतर बघा, आधी पट्टा धरा. बजरंगभावजी मात्र हुशार. त्यांनी दोर वापरला नाही, दोर अंगात रुततो. ट्रॉली उचलायचे रुंद पट्टे घेतले, त्याला पोत्यांच्या घड्या लावल्या, एक पट्टा हरणीच्या पुढच्या पायांमागून घातला, एक मागच्या पायांच्या पुढून. हारासकट हुक खाली आला. मग भावजी केबिनमध्ये बसले अन् एवढ्या हळू, एवढ्या हळू त्यांनी दांडा ओढला, की मला वाटलं हा माणूस पाळण्यातलं लेकरू उचलतोय.

हरणी वर आली. अंगणातली हलगी बंद पडली. तेव्हा कुठं लोकांना दिसलं, की वनमाला मघापासून काय सांगत होती.

खुर जमिनीला लागतील एवढीच तिला धरली होती. पण पाय उभे राहीनात. ओल्या कपड्यासारखे दुमडत होते. मी खाली बसले, करडईचं तेल घेतलं अन् पाय चोळायला लागले. हे दुसरा पाय. चोळताना मला रडू यायला लागलं, ते मी तेलाच्या हातानंच पुसलं अन् डोळे आणखी चुरचुरले. मी म्हणत होते, हरणे, ऊठ गं माय, ऊठ. आपण दोघी एकदम आलो, मला एकटीला टाकून कुठं निघालीस?

मग माझ्या डोक्यावर काहीतरी पडलं. झेंडूच्या पाकळ्या.

वर बघते तर हरणीनं मान लांब केलीय अन् आबांच्या हाराचा घास तोंडात! कालपासून पाण्याशिवाय काही न घेतलेली गाय कचाकच झेंडू खातेय! मला एवढा आनंद झाला की मी ओरडले, "खाल्लं! खाल्लं हो तिनं!" अन् नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लागली अन् राधाकिशन आबा उघड्या जीपमधून, हात जोडून, आमच्या अंगणात शिरले.

आबांचा नवा कोरा फेटा, नवं जाकीट, कपाळभर गुलाल. समोर क्रेन. क्रेनला गाय. गायीच्या तोंडात हार, तोही बराच आत गेलेला. अन् गायीच्या पायाशी विरोधी पॅनलचा माइकवाला तेलाचे हात घेऊन बसलेला.

आबांची पोरं पुढं धावली, हार ओढायला लागली. बजरंगभावजी केबिनमधून खाली येईनात, त्यांना तोंड दाखवायची सोय नव्हती. मीच उठले. म्हणलं, "आबा, चूक माझी हाय. गाय बसली होती. आज उभी न्हाई राहिली तर परत उठायची न्हाई, असं डॉक्टर म्हणल्या. मला दुसरं कायबी सुचलं न्हाई."

आबा जीपमधून उतरले. हरणीजवळ गेले. तिच्या कानामागं हात घातला, मग मागच्या पायाची नस दाबून बघितली. आयुष्यभर बैलं राखलेला माणूस. पोरांना म्हणाले, "हार सोडा बे. इतक्या वर्षांत माज्या गळ्यात पडला न्हाई, आजबी न पडला तर काय मरतोय का मी. तिला खाऊ द्या. दोरा तेवढा काढून घ्या, दोरा पोटात जायला नको."

असं म्हणून त्यांनी जाकीट काढून औक्षणाच्या ताटावर टाकलं अन् हरणीच्या मागच्या बाजूला खांदा लावला. चेअरमननं खांदा लावल्यावर बाकीचे कशाला थांबतात? मिरवणुकीतली सगळी माणसं गोळा झाली. दोघं पुढच्या पायाला, दोघं मागच्या, कुणी पोट धरलं, कुणी मान. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवून शेंगदाण्याच्या पेंडीची घमेली आणली. बायका झेंडूच्या पाकळ्या सोडवून सोडवून दोरे बाजूला करत होत्या. कोण कुठल्या पॅनलचं, काही कळत नव्हतं. मी गुपचूप उरकायला निघालेली बाई, त्या गर्दीकडं बघून माझा ऊर भरून आला. ही माणसं मी बोलवायला घाबरत होते!

अन् मग फाटकातून बोंब ऐकू आली.

आत्याबाई! दुपारची एसटी आली होती. पिशवी काखेत मारून त्या गल्लीला वळल्या, तर काय दिसलं त्यांना? दारात मांडव घातल्यासारख्या खुर्च्या, हलगीवाले, ताटं, झेंडूचा खच, आबा नुसत्या सदऱ्यात, अन् मधोमध क्रेनला हरणी. आमच्याकडं जीव लावलेलं जनावर गेलं की त्याची वाजतगाजत, फुलं घालून मिरवणूक काढतात, अन् मोठं जनावर असलं तर उचलायला क्रेन लागतेच. आत्याबाईंनी काय समजायचं ते समजलं. फाटकातच बसल्या, पदर डोळ्याला लावला अन् सूर धरला.

"हरणे गंऽ, मी नसताना गेलीस गं माय... कुणाच्या जिवावर टाकलंस गं माज्या वनमालाला... म्हायेराहून एकली तूच आलतीस गं तिच्या संगं..."

कुणीतरी सांगायला पुढं निघालं, "अहो विमलबाई, गाय..." अन् मी, माझ्या हातून का झालं देव जाणे, मी हात वर करून त्याला थांबवलं.

"लेकीगत जपली गं तिनं तुला... अन् मला बी जपली गं... दुखण्यात माजं हागलं-मुतलं काढलं गं, तोंड वाकडं केलं न्हाई... असली सून दिवा घेऊन हिंडलं तरी घावायची न्हाई गं... मी मेलीनं तोंडानं कधी बोलले न्हाई गं तिला... अन् तिच्या हातचं..."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्याबाईंच्या तोंडून माझ्याबद्दल एक शब्द बरा आला नव्हता, अन् आज अख्ख्या गावासमोर, चेअरमनसमोर! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हातातलं तेल कोपरापर्यंत आलं तरी मला भान नव्हतं.

अन् हरणी हंबरली.

घरधनिणीचा आवाज ओळखला तिनं. कान टवकारले, एक जोराचा हंबरडा फोडला, मागचे पाय थरथरले, अन् मग एकेक करून चारी पाय ताठ झाले. पट्टे सैल पडले. भावजींनी हुक आणखी खाली सोडला, तरी ती उभीच. आबांनी खांदा काढून घेतला, तरी उभीच! माणसांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, आबांना निवडून आल्यावरही तेवढ्या मिळाल्या नव्हत्या. मी तिच्या गळ्यात पडले. मग आबांच्या पाया पडले, मग भावजींच्या, मग चुकून आमच्या यांच्या पण.

आत्याबाईंचा सूर मधेच तुटला. पदरातून एक डोळा बाहेर आला. मग दुसरा. त्या उठल्या, नाक पुसलं, गर्दीतून सरळ हरणीपाशी गेल्या, तिच्या कपाळाला कपाळ लावून बराच वेळ तशाच राहिल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"जित्या जनावराभवती हा तमाशा कावून मांडला गं? अन् पेंड अशी कोरडी देतात व्हय? भिजव ती."

मी भिजवली.

आबांचा सत्कार मग आमच्याच अंगणात झाला. उरलेल्या झेंडूची छोटी माळ करून आत्याबाईंनी ती स्वतःच्या हातानं आबांच्या गळ्यात घातली. हातानं घातलेली, तरी आबांना चालली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तात्याबा पण संध्याकाळी येऊन हरणीला बघून गेले, अन् यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, गाय खरंच बसली होती का, मला वाटलं थाप हाय.

हरणी आता सकाळी आधाराला कुणी असलं की उठते. गल्लीतलं कुणी ना कुणी येतंच खांदा लावायला, मला बोलवावं लागत नाही. किती दिवस राहील माहीत नाही, पण जेवढे आहेत तेवढे माझे आहेत. आबांचे, भावजींचे, मॅडमचे, अख्ख्या गावाचे उपकार माझ्यावर आहेत, अन् हरणीचे तर काय बोलावं!

फक्त तिनं उठायची एवढी घाई करायला नको होती. आत्याबाई "अन् तिच्या हातचं..." इथपर्यंत आल्या होत्या. तिच्या हातचं काय? कालवण? पुरणपोळी? रोज संध्याकाळी धार नसलेल्या त्या गायीपाशी आम्ही दोघी बसतो, तेव्हा मी गोड बोलून विचारते, आत्याबाई, त्या दिवशी पुढं काय म्हणणार होता?

त्या हरणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, "ती जाईल तवा ऐक."

आता सांगा, मी काय करू? मी उठते अन् मुकाट्यानं पेंड भिजवते.